घरी केलेली वाद्यं आणि पडद्यावरचं चित्र जुळत नाही, काय करावं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देतेय ते स्पष्ट होईल. तुम्ही तिघं कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहात. सायकलचं चाक, पीव्हीसी पाइप, पाण्याच्या बाटल्या, तेलाच्या डब्याचं तुणतुणं आणि ॲल्युमिनियमचा पत्रा अशी पाच वाद्यं तुम्ही स्वतः केली. मागे प्रोजेक्टरवर लॅपटॉपमधलं ॲनिमेशन चालू असतं. बघणारे म्हणतात, 'छान आहे, पण संगीत एकीकडे आणि चित्र दुसरीकडे.' शिवाय स्पीकरमधून वाद्यांचा आवाज खेळण्यासारखा येतो. सहा आठवड्यांनी कॉलेजच्या हॉलमध्ये प्रयोग आहे, हातात १५,००० रुपये आहेत आणि आवाज-चित्र जुळवायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं असं तुम्ही विचारताय. जाता जाता हेही विचारलंय की वाद्यं ओबडधोबड दिसतात, ती पडद्यामागे ठेवावीत का.

सॉफ्टवेअरचं नाव सांगणं सोपं आहे. 'प्युअर डेटा' फुकट मिळतं आणि माइकमधून आलेल्या आवाजावर चित्र हलवणं त्यात जमतं. पण ते घेतलंत तरी लोक तेच म्हणतील, असं मला वाटतं. आवाज वाढला की वर्तुळ मोठं होतं, ठोका पडला की रंग बदलतो, हे प्रेक्षकाला अर्ध्या मिनिटात कळतं. त्यानंतर तो पडद्याकडे बघायचं सोडून देतो, कारण कानाने जे आधीच सांगितलंय तेच डोळा पुन्हा सांगत असतो. तुमच्याकडे आवाजाचं कारण एक आहे आणि चित्राचं कारण वेगळं. सॉफ्टवेअर त्या दोघांत दोरी बांधेल, पण ती दोन्ही एका मुळातून आलेली नाहीत हे प्रेक्षकाला जाणवत राहील. ज्या हालचालीतून आवाज निघतो त्याच हालचालीतून चित्रही निघालं पाहिजे. गेली अठरा वर्षं मी हेच काम करते आहे, आणि ज्या प्रयोगांत हे साधलं तेच मला आजही पुन्हा करावेसे वाटतात.

यात नवं काही नाही. १९३४च्या एका निबंधात सी. व्ही. रामन यांनी आपल्या तालवाद्यांच्या पुडीवर, म्हणजे वाजवायच्या चामड्यावर, बारीक वाळू पसरून ती वाजवली की वाळूच्या रेषा कशा उमटतात ते दाखवलं होतं. पुडीचा जो भाग हलत नाही तिथे वाळू गोळा होते. पुडीवरच्या काळ्या लेपामुळे, म्हणजे शाईमुळे, तिचे वरचे स्वर मूळ स्वराशी जुळतात, हे त्यांना त्यातून समजावता आलं. वैज्ञानिकाची ती खूण होती, पण आपल्या दृष्टीने बघा: तबलजीचं बोट जिथे टेकतं तिथून बोलही बदलतो आणि वाळूचं चित्रही बदलतं. मधे कुणी दुभाष्या नाही. मॉस्कोत येवगेनी मुर्झिन यांनी बांधलेल्या एएनएस या यंत्रात काळा लेप दिलेल्या काचेवर ओरखडा काढायचा. त्यातून उजेड आरपार गेला की तो उजेडच स्वर होतो. त्या यंत्रात ७२० शुद्ध स्वर होते आणि काचेवरचं चित्र हीच त्याची स्वरलिपी. आपल्याकडे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९मध्ये मूग सिंथेसायझर या विजेवर स्वर तयार करणाऱ्या यंत्राचा स्टुडिओ उभा राहिला, आणि त्याच सुमारास मुंबईत चित्रकार अकबर पदमसींनी चित्रकार आणि सिनेमावाले एकत्र काम करतील अशी कार्यशाळा चालवली. ही वाट आपल्या लोकांनी चाललेली आहे. तुम्ही एकटे नाही.

आता तुमच्या वाद्यांकडे येऊ. पाचांपैकी पाइप मी सरळ बाजूला काढेन. त्यांचा आवाज चांगला असेल, पण आत हवेचा खांब थरथरतो आणि तो दिसत नाही. बघायला काहीच नाही. पत्रा ठेवायचा की नाही हे तुमच्यापैकी कुणाला गज चालवता येतो का यावर आहे. चौकोनी पत्रा मधोमध स्क्रूने घट्ट बसवून, वर बारीक वाळू टाकून, कडेवरून राळ लावलेला व्हायोलिनचा गज ओढला की आकृती उमटते. बोट कडेला दुसरीकडे टेकवलं की आकृतीही बदलते आणि स्वरही. पण गज नीट धरायला वेळ लागतो, सहा आठवड्यांत सुरुवात करणाऱ्याला जमेलच असं नाही. जमलं तर वरून कॅमेऱ्याने दाखवा.

कॅमेऱ्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. कॅमेरा, लॅपटॉप आणि प्रोजेक्टर प्रत्येकी थोडा उशीर करतात, आणि तो मिळून सेकंदाचा दहावा भाग सहज होतो. आवाज चित्रानंतर आला तर आपण फारसं मनावर घेत नाही, कारण लांबून धुणं आपटणाऱ्या माणसाचा आवाज नेहमीच उशिरा येतो. पण चित्र आवाजानंतर आलं की लगेच खटकतं, कारण निसर्गात असं कधी घडत नाही. म्हणून ठोक्याचं चित्र कॅमेऱ्यातून दाखवू नका. वाळूला मात्र सरकायला मुळातच क्षणभर लागतो, तिथे तो उशीर लपून जातो. ठोक्यासाठी सावली हवी. सावली कधीच उशिरा येत नाही.

आणि सावलीसाठी तुमच्याकडे सायकलचं चाक आहे. त्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण पाचांत ते सगळ्यात श्रीमंत वाद्य आहे आणि तुम्ही त्याच्या फक्त तारा छेडताय.

चाकाच्या तारा मोजा. ३६ आहेत असं धरते. जुन्या एक्स-रे फिल्मची बोटभर रुंद पट्टी रिमजवळ अशी बांधा की चाक फिरताना ती प्रत्येक तारेला लागेल. (आसाजवळ बांधलीत तर ती एकाच बाजूच्या तारांना लागेल आणि निम्मेच ठोके मिळतील.) चाकामागे एक साधा तारेचा पिवळा बल्ब ठेवा आणि समोरच्या भिंतीवर सावली पाडा. दोन सेकंदांत एक फेरी, म्हणजे सेकंदाला १८ ठोके. कानाला टकटक ऐकू येते आणि भिंतीवर काड्या एकामागून एक सरकताना दिसतात. सेकंदाला एक फेरी केलीत की ३६ ठोके होतात, आणि इथे काहीतरी बदलतं. सेकंदाला वीसच्या आसपासच्या पुढे कान ठोके मोजायचं सोडतो आणि त्यांचा एक जाड स्वर ऐकतो. जवळपास त्याच टप्प्यावर डोळाही काड्या वेगळ्या धरू शकत नाही, भिंतीवर राखाडी चकती दिसायला लागते. लयीचा स्वर होतो आणि रेषांचा रंग होतो, दोन्ही एकाच पेडलवर, एकाच हाताने. कोणत्याही ॲनिमेशनला हे जमणार नाही, कारण इथे प्रेक्षकाच्या स्वतःच्या कानात आणि डोळ्यात ते घडत असतं.

दुसरी गोष्ट मला वर्कशॉपमध्ये कळली. तिथे जुनी, लोखंडी चोकची ट्यूबलाइट होती. मी चाक जोरात फिरवत होते आणि एका वेगाला तारा जागच्या जागी थांबल्या. चाक तर फिरत होतं. लेथवर काम केलेल्या कुणालाही हे विचारा, तो लगेच सांगेल: ट्यूबखाली फिरणारा जॉब थांबलेला दिसू शकतो, आणि म्हणून त्याला हात लावायला जाणं घातक असतं. आपल्याकडे विजेची आवर्तनं सेकंदाला ५०, आणि प्रत्येक आवर्तनात ट्यूब दोनदा उजळते, म्हणजे १०० वेळा. सेकंदाला १०० तारा डोळ्यासमोरून गेल्या की प्रत्येक उजेडाला मागची तार पुढच्या तारेच्या जागी आलेली असते, म्हणून चाक थांबलेलं दिसतं. ३६ तारांना त्यासाठी सेकंदाला पावणेतीन फेऱ्यांहून किंचित जास्त लागतात, ४० तारा असतील तर अडीच. हाताने रिम ढकलून हा वेग टिकत नाही. पण मागचं चाक साखळीसकट घेतलंत, पुढे ४४ दाते आणि मागे १८ असतील, तर पेडल मिनिटाला ६८-७० फेऱ्यांनी फिरवलं की झालं. तेवढं कुणालाही जमतं.

मला थांबवलं ते मात्र आवाजाने. चोकचं लोखंडही प्रत्येक आवर्तनात दोनदा खेचलं जातं, म्हणून चोक गुणगुणतो तोही १००चाच स्वर. पट्टी तारांना सेकंदाला १०० वेळा लागते तोही १००. म्हणजे चाक थांबलेलं दिसतं त्याच क्षणी चाक आणि ट्यूबलाइट एका सुरात असतात. वेग जरासा चुकला की तारा हळूहळू पुढे किंवा मागे सरकायला लागतात, आणि आवाज डोलायला लागतो, तानपुऱ्याची जोड लावताना दोन तारा अगदी जवळ आल्या की डोलतो तसा. सेकंदाला एक डोल असेल तर तारा सेकंदाला बरोबर एका घराने सरकतात. डोळा आणि कान एकच गोष्ट मोजत असतात. पेडल धरणाऱ्याने हा डोल थांबवायचा, पुन्हा सोडायचा, पुन्हा थांबवायचा. या एवढ्यावर आठ मिनिटांचा भाग उभा राहतो, आणि मी तो उभा राहिलेला पाहिला आहे.

यासाठी काही अटी आहेत. नव्या इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूबा आणि चांगले एलईडी इतक्या वेगाने उजळतात की चाक थांबणार नाही. मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरा, पडद्यावर पट्टे सरकताना दिसले तर दिवा कामाचा. लोखंडी चोक जुन्या सामानाच्या दुकानात अजून मिळतो, पण तो बसवायला इलेक्ट्रिशियनला बोलवा, स्वतः उघडू नका. चोकची गुणगुण उचलायला जवळ साधा माइक ठेवा. ट्यूबचा उजेड लांबट असल्याने तिची सावली कडेला पुसट पडते, म्हणून ट्यूबचा भाग सावलीवर न करता चाकाकडेच बघायला लावा. पहिला भाग बल्बचा आणि भिंतीवरचा, दुसरा ट्यूबचा आणि प्रत्यक्ष चाकाचा, असं मी करेन.

एक गोष्ट मात्र तडजोड न करता पाळा. सेकंदाला ३ ते ३० वेळा होणारी लुकलुक काही लोकांना फेफऱ्याचा झटका आणू शकते. चाकाची सावली वेग घेताना याच टप्प्यातून जाते. म्हणून दारावर ठळक सूचना लावा, सावली भिंतीच्या एका भागापुरती ठेवा, हॉलमध्ये दुसरा मंद दिवा चालू असू द्या आणि त्या टप्प्यावर रेंगाळू नका.

बाटल्यांऐवजी काचेचे वाडगे घ्या. जुने ओव्हरहेड प्रोजेक्टर शाळा-कॉलेजांच्या अडगळीत पडलेले असतात, तुमच्याच कॉलेजच्या भांडारात आधी विचारा. खालून उजेड येणाऱ्या त्याच्या काचेवर पसरट पारदर्शक ट्रे, ट्रेमध्ये पाणी भरलेले दोन-तीन वाडगे. जलतरंगासारखं काडीने हलकेच वाजवलं की पाण्यावरचे तरंग उजेडाच्या जाळीसारखे छतावर किंवा भिंतीवर पसरतात. आघात जोरात केला तर जाळी फुटते, हळू केला तर कड्या सरकतात. इथे वादनाचा हात आपोआप सुधारतो, कारण घाई केली तर चित्र लगेच बिघडलेलं दिसतं. दिव्याच्या उष्णतेने काच तापते, पाणी आणि वीज जवळ असते, म्हणून ट्रेला काठ हवा आणि यंत्राला अर्थिंग हवंच.

तुणतुण्याला चित्र देऊ नका. हे मी मुद्दाम सांगते आहे. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला मी चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगण्याची परंपरा, बघायला गेले होते. परशुराम गंगावणे यांना त्याच परंपरेसाठी २०२१मध्ये पद्मश्री मिळाली. पोथीतलं एक चित्र उभं धरलेलं असतं, ते हलत नाही. हलते ती कथा आणि तिच्यामागचं वाद्य. मग योग्य ओळीला चित्र बदललं जातं, आणि तो बदल आवाजाच्या मोठ्या आघातासारखा लागतो. चित्र सतत हलत राहिलं पाहिजे ही समजूत माझ्या मनातून तिथे गेली. तुमच्या प्रयोगात तुणतुणं वाजेल तेव्हा भिंत अंधारी ठेवा किंवा तिघांपैकी कुणी काढलेलं एकच स्थिर चित्र धरा. डोळ्याला विसावा मिळाला की पुढचं चाक नव्याने दिसेल. एक व्यावहारिक गोष्ट: तुणतुणं पेटीवर लावू नका, चोकच्या गुणगुणीवर लावा. १०० म्हणजे खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर. पेटीवर लावलंत तर पूर्ण प्रयोगभर ते चाकाशी भांडत राहील.

आता खेळण्यासारख्या आवाजाचं. माझा अंदाज आहे की तुम्ही पिएझो चकत्या (थरथरीची वीज करणाऱ्या) वाद्यांना चिकटवून वायर थेट कॉलेजच्या साउंड मिक्सरला दिली आहे. चकती चांगलीच आहे, दहा-वीस रुपयांत मिळते आणि मीही तीच वापरते. पण ती विजेच्या दृष्टीने एका छोट्या कपॅसिटरसारखी वागते. मिक्सरच्या लाइन इनपुटचा रोध साधारण १० हजार ओम असतो, आणि तिथे जोडलेल्या मोठ्या चकतीचे ८०० हर्ट्झच्या खालचे स्वर गळायला लागतात. म्हणजे १००चा तुमचा मुख्य स्वर जवळपास नाहीसा. राहतो तो पत्र्याचा खडखडाट. हीच चकती दहा लाख ओमच्या इनपुटला, म्हणजे गिटारसाठी असतो तशा इनपुटला किंवा एका लहान प्रीॲम्पला (क्षीण आवाज वाढवणाऱ्या सर्किटला) दिलीत की खालचा भाग परत येतो. तुमचे निम्मे पैसे इथे घाला. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत सुटे भाग मिळतात, आणि सोल्डरिंग येत असेल तर प्रीॲम्प घरी होतो. चकतीवर सोल्डर करताना क्षणभरच टेकवा, जास्त तापली तर ती मरते. चिकटवताना पातळ, कडक थर द्या. फोमची टेप लावली तर तीच आवाज खाते.

लॅपटॉप प्रोजेक्टरला आणि मिक्सरला एकाच वेळी जोडला की घरघर येते. त्यासाठी ऑडिओच्या वायरीत आयसोलेशनवाला डीआय बॉक्स लावा, म्हणजे दोन यंत्रांमधला विजेचा थेट संबंध तोडून फक्त आवाज पुढे देणारी छोटी पेटी. काही जण प्लगची अर्थची पिन काढून टाकतात आणि घरघर जाते. तसं कधीही करू नका. मी एकदा अशाच काढलेल्या पिनेमुळे शॉक खाल्लेला सहकारी पाहिला आहे, तो वाचला, पण त्या दिवसापासून माझ्या कामात प्रत्येक प्लग मी स्वतः तपासते.

इतकं सगळं कशावर अवलंबून आहे तेही सांगते. हॉल पूर्ण काळोखा होत नसेल तर सावलीचा भाग संध्याकाळनंतरच करा, नाहीतर वाडग्यांचा भाग वगळा. प्रेक्षक शंभराहून जास्त असतील तर ट्यूबचा भाग मागच्या रांगांना दिसणार नाही. मग तो शेवटी ठेवून लोकांना जवळ बोलवा. तिघांपैकी कुणी संगीत शिकलेलं असेल तर तुणतुणं त्याच्याकडे द्या. नसेल तर दोन स्वरांतच राहा, त्यात काही कमी नाही.

वेळेचा हिशोब साधा आहे. पहिले दोन आठवडे फक्त चाक, दुसरं काही हातात घेऊ नका. पुढचे दोन आठवडे वाडगे आणि प्रीॲम्प. पाचव्या आठवड्यात हॉलमध्येच, त्याच विजेवर तालीम, कारण तिथल्या दिव्यांचा आणि घरघरीचा अंदाज घरी येत नाही. सहाव्या आठवड्यात नवीन काही घालू नका. प्रयोग २५ मिनिटांचा पुरे.

राहिला पडद्यामागचा प्रश्न. वाद्यं लपवू नका. चाक झाकलंत तर भिंतीवरची सावली पुन्हा ॲनिमेशनच वाटेल, आणि आपण जे जोडलंय ते तुटेल. प्रेक्षकाला हात, पट्टी, तारा आणि सावली एका नजरेत दिसली पाहिजेत. वेल्डिंगचे डाग घासू नका, रंग देऊ नका, फक्त टोकदार कडा कानशीने बोथट करा आणि साखळीला गार्ड लावा. चाक मंचावर नको, प्रेक्षकांच्याच पातळीवर ठेवा, आणि लोकांना खुर्च्यांऐवजी सतरंजीवर त्याच्या तीन बाजूंना बसवा. प्रयोग संपला की वाद्यं लगेच आवरू नका. अर्धा तास एकेकाला पेडल धरू द्या, तुमच्यापैकी एक जण शेजारी उभा राहून कुणाचा हात तारांत जाणार नाही याकडे लक्ष ठेवू दे. तारा थांबवायचा प्रयत्न प्रत्येक जण करेल, आणि बहुतेकांना तिसऱ्या-चौथ्या खेपेला ते जमतं.